मागच्या बाकावरचं वर्तुळ

खिशातला खडूचा तुकडा बोटांत फिरत होता, आणि रविंद्र सर नववीच्या मागच्या बाकात गुडघे अडकवून हिशेब करत होते — या एका तासात आपल्या पदरात काय काय पडू शकतं? पहिलं, दहावीचं गणित. बावीस वर्षं आपलं असलेलं, आणि यंदा हा तास घेणाऱ्या शिल्पा मॅडमकडे चाललेलं. दुसरं, साधं समाधान... की बाई चुकल्या.

"तुमच्याइतकं खरं कोण लिहिणार, रविंद्रभाऊ?" मुख्याध्यापक सकाळी म्हणाले होते — सगळी शाळा त्यांना नानाच म्हणते. "बसा मागे, अन् द्या अभिप्राय." फॉर्मात एक चौकट होती : व्हिडिओ न पाहिलेल्या विद्यार्थ्यांची नावे. एक नाव मिळालं तरी पुरे.

बाईंची नवी पद्धत अशी, की शिकवणं घरी, मोबाईलवर. आणि गणितं वर्गात. म्हणजे सगळंच उलटं. मग मास्तरानं वर्गात करायचं काय? — तर फिरायचं. मुलं चार-चारच्या घोळक्यांत, जळगावच्या भाजीबाजारासारखा कलकलाट, आणि जेमतेम तिशीच्या शिल्पा मॅडम बाकांमधून वाकत, हसत... फळा कोरा. कोरा! या फळ्यावर मी एका दमात, कंपास न लावता असं वर्तुळ काढतो, की तपासणीला आलेल्या साहेबांनी टाळी वाजवली होती. पण ही समोरच्या घोळक्यातली सारिका आत्ता बाईंकडे जशी तोंड वर करून बघतेय, तशी माझ्याकडे कधी... जाऊ दे. गोंगाट आहे नुसता. लिहू — गोंगाट.

शेजारी दिपमाला एकटीच बसली होती. पान कोरं. सरांच्या मनात काहीतरी गोड हललं.

"व्हिडिओ पाहिला नाही ना?"

"फोन एकच शे, सर. बाप डाळमिलमा लई जास." मग तिला शाळेची मराठी आठवली. "बाप नेतो तो मिलमधे. फॉर्मात नाव नका ना लिहू. मॅडम घरी फोन लावतील, तो मिलमधेच वाजेल. मुकादम बापावर ओरडतो."

सापडलं! पण बावीस वर्षांची खोड — कोरं पान दिसलं की हात राहत नाही. सरांनी तिच्या वहीवर वर्तुळ काढलं, जीवा काढली, केंद्रातून तिच्यावर लंब टाकला. "जीवेचे हे दोन तुकडे सारखे का?"

तिनं पेन्सिलीनं वर्तुळाचीच रेघ पुन्हा गिरवली.

"अगं, वर्तुळ मागच्या वर्षी मीच शिकवलं की."

"तुमचं वर्तुळ इतकं गोल होतं, सर... मी तसंच काढत बसले. खोडून खोडून. तवर तुम्ही फळा पुसला."

तिला वाटलं, आपण कौतुक केलं. सरांना मात्र आपली पाठ दिसली — वर्गाकडे केलेली, खडूनं पांढरी झालेली, बावीस वर्षांची पाठ.

"केंद्र जीवेच्या दोन्ही टोकांना जोड," ते हळू म्हणाले.

तिनं जोडलं. ओठ हलत राहिले. "ह्या दोन्ही त्रिज्या... सारख्या. लंब दोन्हीकडं तोच..." आणि एकदम, "आते समजनं!"

वीतभर अंतरावर तो चेहरा उजळला. असं दिसतं तर. म्हणजे ही बाई हे रोज बघते? तासाला चार-पाच वेळा? आणि मी... फळ्याकडे तोंड करून?

"बघितलंत सर?" शिल्पा मॅडम येऊन उभ्या होत्या. "दिपमालालाही जमलं! घरी व्हिडिओ पाहिला की वर्गात असं सोपं जातं."

दिपमाला सरांकडेच बघत होती.

"हो," सर म्हणाले.

तास संपला. पेनाचं टोक चौकटीवर थबकलं. लिहिलं, तर दहावी माझी आणि बोलणी तिच्या बापाला. नाही लिहिलं, तर बाईंची पद्धत बिनचूक, आणि उद्याही हिच्या घरी फोन एकच. मॅडमना मिळाली गणित उमगलेली एक मुलगी, नानांना मिळेल अभिप्राय, मला तो चेहरा — आणि बाईंबद्दल मघापेक्षा खोल जळफळाट. आणि या सगळ्याचं मोल भरलं कोणी? बाकावर राहिलेली, जुन्या वह्यांची पानं शिवलेली दिपमालाची वही वाऱ्यानं उलटली. शेवटी आठवीची पानं होती : वर्तुळं, वर्तुळं, खोडरबरानं कागद पातळ होईस्तोवर... कुठंही जीवा नाही, लंब नाही. सगळं दिपमालानंच भरलेलं.