सहावा चेलो

प्रश्न तिचाच होता. दुसऱ्या कोणी घातला असता तर निदान त्याच्या नावाने बोटं तरी मोडता आली असती.

दर उन्हाळ्यात ती मोठ्या माणसांसाठी आठ दिवसांचं संगीत शिबिर घ्यायची. मोठी ती वयाने. वाजवण्यात सगळी बालवाडीच. कोणी दातांचे डॉक्टर, कोणी पोस्टातली बाई, कोणी नातवंडं सांभाळून कावलेली आजी. पन्नाशीला हातात व्हायोलिन घेणारी माणसं लहान मुलांपेक्षा जास्त रुसतात, हे तिला नऊ वर्षांत पुरतं कळलं होतं. चौघाचौघांचे गट पाडले रे पाडले की हा नको, ती नको, अशी कुजबुज शिबिरभर चाले. म्हणून यंदा तिने फॉर्ममध्येच विचारून टाकलं : ‘कोणाबरोबर वाजवायला आवडणार नाही? तुमचं उत्तर गुप्त राहील आणि त्या व्यक्तीच्या गटात तुम्हाला घातलं जाणार नाही.’ लिहिताना तिला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

चोवीस फॉर्म आले. त्यांतल्या अठरांवर एकच नाव होतं. दादा.

दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. अख्खं शिबिर त्याला दादाच म्हणे. जन्मभर इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, निवृत्त झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात चेलो, ते गुडघ्यांत धरून वाजवायचं थोराड व्हायोलिन, घेऊन तिच्या दारात उभा राहिला. ‘चिमे, मला शिकव,’ म्हणाला. ती तेव्हा शेचाळीस वर्षांची होती, पण त्याच्या लेखी चिमीच.

कोणी रागाने त्याचं नाव लिहिलं असतं तर तिला भांडता तरी आलं असतं. पण पोस्टातल्या बाईंनी लिहिलं होतं, ‘माणूस लाखात एक, पण वाजवायला नको.’ डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘त्यांनी माझी खुर्ची आणि गाडी दुरुस्त करून दिली आहे. कृपया त्यांना कळू देऊ नका.’ दोष एवढाच, की आनंद झाला की दादाची लय पळायची. आणि वाजवायला बसलं की त्याला पहिल्या ओळीलाच आनंद व्हायचा. मग पाय आपटत, मोठ्याने एक-दोन-तीन-चार मोजत तो सगळ्यांच्या आधी शेवटाला पोचायचा आणि हसऱ्या चेहऱ्याने बाकीच्यांची वाट बघत बसायचा. तिने शंभरदा सांगून पाहिलं. ‘हो गं, कळलं,’ म्हणायचा आणि पुन्हा पळायचा.

शिबिराला तीन आठवडे उरले होते. सुट्टीमुळे रिकाम्या पडलेल्या शाळेच्या वर्गात ती दुपारची नावांच्या चिठ्ठ्या मांडून बसली होती. मागच्या बाकावर दादा नोटेशनच्या स्टँडांचे स्क्रू पिळत होता. दर वर्षी हे काम तो मागून घ्यायचा.

गट सहा, प्रत्येक गटाला एक चेलो हवाच. चेलो वाजवणारे सहाच, आणि सहावा दादा. पाच गट झकास जमले. त्याच्या गटासाठी उरले ते तिघं अगदी नवखे, ज्यांनी त्याला कधी ऐकलंच नव्हतं. गेल्या वर्षी तिने हीच युक्ती केली होती. तेव्हाच्या तिघांपैकी दोघं तिसऱ्या दिवशी घरी गेले, आणि तिसरीने पुढे व्हायोलिन विकून टाकलं. असं पुन्हा करणार नाही, अशी शपथ तिने स्वतःलाच घातली होती.

तिने बाहेर व्हरांड्यात जाऊन शिबिरातल्या दुसऱ्या शिक्षकाला, क्लॅरिनेटवाल्या सरांना, फोन लावला.

“सांगून टाक सरळ,” सर म्हणाले. “सख्खा भाऊ आहे तुझा.”

“मग तुम्हीच सांगा ना.”

“मी? छे छे. त्यांनी माझा गिझर बसवून दिलाय!”

ती आत आली. त्याच्या जागी सहावा चेलो ती स्वतःच वाजवणार होती. चेहरा शक्य तितका साधा ठेवून म्हणाली, “दादा, यंदा तू नुसती व्यवस्था बघशील का? मला फार धावपळ होते रे.”

“व्यवस्था बघतोच की. आणि वाजवणार पण!” त्याने मान वरसुद्धा केली नाही. “पाच महिने घासतोय. नव्या तारा आणल्यात. वर्षाचे आठ दिवस तर असतात माझे.”

पुढची वाक्यं तिने घरून पाठ करून आणली होती. त्यांतलं एकही तोंडातून बाहेर पडेना. तिला स्वतःची चीड आली आणि त्याची दया आली, आणि दोन्हीचा काडीचा उपयोग नव्हता.

हात पुसत तो टेबलाशी आला. तिने फॉर्मचा गठ्ठा घाईने हजेरीपटाखाली सारला. त्याने ते पाहिलं. तिचा उतरलेला चेहराही पाहिला.

“कोणाचं तरी नाव आलंय ना?” तो हळूच म्हणाला. “तू तो प्रश्न घातलास तेव्हाच मला वाटलं होतं. कोणा बिचाऱ्याचं येणार. मी तर ती जागा कोरी सोडली. मला सगळे चालतात.”

तिने टेबलावरच्या चिठ्ठ्या उगाच पुन्हा सरळ केल्या.

“असं कर, त्याला माझ्या गटात घाल. मी घेईन सांभाळून. फक्त त्याला कळू देऊ नकोस हं चिमे. या वयात फार लागतं.”

“बरं,” ती म्हणाली.

तो समाधानाने बाकाकडे वळला. तिने त्या तीन नवख्यांच्या चिठ्ठ्या उचलल्या आणि त्याच्या नावाखाली एकेक करून ठेवल्या. दुसरं काही तिला सुचलंच नाही.

“नाव नाही विचारत,” मागून त्याचा आवाज आला, “पण पुष्कळ जणांनी लिहिलंय का गं?”

“नाही,” ती म्हणाली. “एकानेच.”

“मग काही नाही. होईल सगळं सुरळीत,” दादा म्हणाला आणि त्याने पुढचा स्टँड मांडीवर घेतला.