बूच लावलेलं सोनं

मी बोटभर लांबीची कागदाची पट्टी बोलतेय. अंगावर पांढुरकी भुकटी, दिसायला अगदीच साधी. पण माझ्या अंगात सोनं आहे बरं का! चकाकतं ते सगळं सोनं नसतं म्हणतात. माझी गंमत उलटी. सोनं असूनही मी उजेडात मुळीच चकाकत नाही. जांभळ्या दिव्याखाली धरलं, की मात्र हिरवीगार उजळते.

मला प्रयोगशाळेत एका मुलीनं घडवलं. तिचे बाबा बुटांच्या कारखान्यात तळवे चिकटवायचे. तिथल्या गोंदाची वाफ हळूहळू नसा मारते, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. बाबांना तर त्या वासाची इतकी सवय झालेली, की त्यांना तो येतच नव्हता. म्हणून दोन वर्षं ती डोळ्यांत तेल घालून माझ्यामागे लागली. माझ्यातले सोन्याचे कण एकमेकांना खेटून बसलेले असतात. ती वाफ मध्ये शिरली, की बाकावरची माणसं सरकतात तसे ते सरकतात आणि माझा उजेड नारिंगी होतो.

तिनं मला काचेच्या कुपीत घातलं, घट्ट बूच लावलं आणि एका छोट्या जांभळ्या दिव्यासकट बाबांच्या हातात दिलं.

"बाबा, कामाच्या टेबलाजवळ टांगा. रोज दिवा लावून बघा. हिरवी असली तर ठीक, नारिंगी झाली की सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं. आणि जपा हं, सोनं आहे तिच्यात!"

शेवटचं वाक्य ती कौतुकानं, हसत बोलली होती. तेच नडलं. बूच काढायचं हे मात्र सांगायचं राहूनच गेलं. तिला ते इतकं उघड वाटत होतं, की सांगायला हवं असं सुचलंच नाही.

बाबांनी लेकीचा शब्द खाली पडू दिला नाही. टांगायला सांगितलं, म्हणून कुपीच्या गळ्याला दोरा बांधून मला खिळ्याला टांगलं. जपायला सांगितलं, म्हणून बूच कधी काढलं नाही. धूळ बसेल, कुणाचे गोंदाचे हात लागतील! शेजारचा कारागीर चिडवायचा, "काय हो, लेकीनं तावीज दिलाय वाटतं?"

"तुला काय कळणार? सोनं आहे सोनं," म्हणत बाबा सदऱ्याच्या टोकानं कुपी पुसायचे.

रोज सुटीच्या वेळी ते दिवा लावायचे. मी हिरवी. मग लेकीला फोन. "हिरवीगार आहे गं. तू नको काळजी करूस." बाहेर वाफ दाटलेली आणि मी काचेआड खोटी साक्ष देत लटकलेली. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

पुढे पुढे बाबांच्या हातातून ब्रश निसटू लागला. बटणं लावायला वेळ लागू लागला. "वय झालं," असं स्वतःशीच म्हणायचे. लेकीला मात्र यातलं अवाक्षर बोलले नाहीत.

मग ती रजा काढून आली, तशीच कारखान्यात. बाबांनी अभिमानानं कुपी पुढे केली. "बघ, अजून नवीकोरी आहे."

"बाबा... हिचं बूच?"

"तू लावलंस तसंच आहे. एकदाही काढलं नाही."

ती पांढरीफटक पडली. म्हणाली, "काढा बरं."

बाबांनी खटपट केली. बोटं बुचावरून घसरत राहिली. "पकडलंय की नाही तेच समजत नाही गं हल्ली," ते ओशाळून हसले. "तूच काढ."

तिनं बूच काढलं. मला पहिल्यांदा तिथली हवा लागली. पाचच मिनिटांत दिव्याखाली मी नारिंगी पेटले.

बाबांनी दिवा बंद केला. मग हळूच म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही, पोरी. मीच जरा जास्त जपली."

तिनं त्यांची बोटं हातात धरली. किती घट्ट धरली आहेत, हे त्यांना नुसतं बघूनच कळलं.

आता त्या कारखान्यात पंखे बसलेत आणि माझ्या बहिणी तिथे उघड्या टांगल्या आहेत. मी लेकीच्या घरी, खिडकीपाशी असते; बाबाही आता तिथेच राहतात. तिनं मला ऊब दिली, वाफ निघून गेली, मी पुन्हा हिरवी झाले. बोटांचं तसं नसतं. थोडंफार परत येईल, सगळं नाही, असं डॉक्टर म्हणाले. रोज सकाळी ती बाबांच्या सदऱ्याची बटणं लावते आणि बाबा दुसरीकडे बघत उभे राहतात.

म्हणून सांगते, मला जपू नका. उघडी टांगा. धूळ बसू दे, गोंद लागू दे, खराब होऊ दे मला. माणसाच्या आधी खराब व्हावं, म्हणूनच तर मला घडवलं होतं.