पिवळी ओळ

मेहनाजला त्या दिवसांत स्वतःचं भारी कौतुक वाटायचं, आणि का वाटू नये? दहावीतली पोरगी, पण टॉवेलच्या कारखान्यांतले मिशीवाले जॉबर तिला फोन करून विचारायचे, “मॅडम, ही ओळ कुटं टाकायची?” मॅडम! घरी अम्मी अजून चपाती करपली म्हणून तिच्या नावानं ओरडत होती, आणि तिकडं ती मॅडम झाली होती.

त्याचं असं झालं. अक्कलकोटकडच्या सिद्धराम नावाच्या एका इंजिनिअरनं जुन्या यंत्रमागांसाठी ‘धोटा’ नावाचं सॉफ्टवेअर बनवलं आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकलं. मागाला एक डबा बसवायचा, डब्यात साध्या मराठीत हुकूम टाइप करायचे, की माग ऐकतो. दोरा तुटला तर थांब. इतके फेरे झाले की रंग बदल. हुकूम कसे द्यायचे ते सिद्धरामदादांच्या वेबसाइटवर नमुन्यांसकट लिहिलेलं होतं, पण ते नमुने बघवत नव्हते. वेबसाइटला ‘धोटा’ची भाषा ठाऊकच नव्हती. ती भलत्याच भाषेचे नियम लावून नमुने रंगवायची. अर्धा शब्द लाल, अर्धा काळा, आकडे कुठं जांभळे तर कुठं कसलेच नाहीत. मेहनाजचे अब्बा हुसेनसाब हे गुरुबसप्पाअण्णांच्या शेडमध्ये जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. ते एकदा मोबाइल हातात धरून वैतागले, “ये क्या रांगोळी है रे बाबा! यात हुकूम कुठला न् आकडा कुठला?”

झालं, मेहनाजनं मे महिन्याच्या सुट्टीत ते काम अंगावर घेतलं. सिद्धरामदादांनी पुण्याहून दोन व्हिडिओ पाठवले, आणि तीन आठवडे मोबाइलवर डोळे फोडून तिनं रंगांचे नवे नियम लिहिले. हुकूम निळे. आकडे हिरवे. आणि ‘थांब’च्या खालची जी सगळ्यात महत्त्वाची ओळ, ‘बटण दाबेपर्यंत सुरू होऊ नको’, तिच्यासाठी तिनं खास रंग शोधला. पिवळा. फिकट, लिंबाच्या सालीसारखा. मोबाइलचा पडदा ती कायम काळा ठेवायची, बॅटरी कमी लागते म्हणून. त्या काळ्यावर ती पिवळी ओळ अशी झळकायची की बास!

‘धोटा’ वापरणाऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. तिथं तिनं टाकलं, “नमुने दुरुस्त झाले आहेत. प्रिंट काढून मागाला लावा.” दोन दिवसांत नऊ जणांनी मागावर टांगलेल्या कागदांचे फोटो पाठवले. तिनं नऊही जणांना अंगठा दिला. फोटो मोठा करून मात्र एकही बघितला नाही.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. दुपारचा भूगोलाचा तास होता. बाईंनी पिकांच्या नकाशाचे झेरॉक्स वाटले आणि म्हणाल्या, “पिवळ्या भागात कोणती पिकं येतात, लिहा.”

मेहनाजच्या शेजारची सोनम कागद उलटापालटा करून बघायला लागली. “बाई, पिवळं कुठाय? सगळं पांढरंच हाय की!”

वर्ग हसला. बाईही हसल्या. “अगं हो गं, फिकट पिवळा झेरॉक्सला उतरतच नाही. माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.”

मेहनाजही हसत होती. हसता हसता तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

सकाळी अब्बांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून तिला दाखवला होता. कोपऱ्यावरच्या दुकानातला झेरॉक्स. “आज जेवणाच्या सुट्टीनंतर सहा नंबरचा माग नव्या डब्यावर घेतो. दोनला सुरू. गौरम्मा चालवणार,” असं सांगून त्यांनी विचारलं होतं, “बेटा, हे मधी जागा का सोडलीस?”

ती आरशासमोर वेणी घालत होती. मागं वळूनसुद्धा न बघता म्हणाली होती, “छान दिसतं म्हणून.”

मेहनाजनं पेन खाली ठेवलं. ती जागा नव्हती. ती ओळ होती.

ती ओळ नसेल तर काय होतं, हे तिला सगळ्यांत चांगलं माहीत होतं, कारण तिनंच ते पान तीन आठवडे घोकलं होतं. दोरा तुटला की माग थांबतो. मग डबा लाल दिवा मिचकावत सावकाश पाच आकडे मोजतो, कुणीतरी दोरा बांधला असं धरून चालतो, आणि माग आपला आपण सुरू करतो. म्हणून तर ती ओळ. बटण दाबेपर्यंत सुरू होऊ नको. आणि तुटलेला दोरा बांधून फणीतून ओवायचा म्हणजे हात पार कोपरापर्यंत आत घालावा लागतो. गौरम्मा बावीस वर्षं तेच करत आली होती. गाठ मारायला तिला दोन सेकंद पुरायचे, पण ओवायला अर्धं मिनिट लागायचं. गेल्याच आठवड्यात ती मेहनाजला चिडवत होती, “आमच्या मागाला आता तू शाळा शिकवणार व्हय गं?”

घड्याळात एक चाळीस झाले होते.

“बाई, मला फोन करायचाय. आत्ताच.”

“काय झालं?”

“बाई, माझ्या चुकीनं कुणाचा तरी हात जाईल.”

बाईंनी तिच्या चेहऱ्याकडं एकदाच बघितलं आणि ऑफिसात नेलं. अब्बांचा फोन वाजत राहिला. वाजणारच. कामावर ते शर्ट काढून खिळ्याला अडकवतात, फोन त्याच्याच खिशात, आणि बारा माग चालू असले की खिशातला फोन कुणाच्या बापाला ऐकू येत नाही. गुरुबसप्पाअण्णांचा नंबर व्यस्त. परत व्यस्त.

“सायकल आहे?” बाईंनी विचारलं.

“सोनमची आहे.”

“जा. मी फोन लावत राहते. आणि सिग्नल तोडू नकोस!”

पाऊस अजून आला नव्हता, ऊन डोक्यावर आग ओतत होतं, आणि मेहनाज उभी राहून पॅडल मारत होती. तिला रस्त्यावर माणसं दिसतच नव्हती, नुसते हात दिसत होते. उसाच्या चरकात कांडं सारणाऱ्याचा हात. हॉर्न दाबून धरलेला ट्रकवाल्याचा हात. बसच्या खिडकीबाहेर काढलेला लहान मुलाचा बांगडीवाला हात. आत घे, आत घे, असं ती त्या मुलाला खरंच ओरडली. एमआयडीसीच्या वळणावर चेन पडली. ती तिनं दोन्ही हात काळे करून बसवली. किती वाजले ते बघायचा धीर झाला नाही.

शेडचा आवाज गल्लीच्या तोंडापासूनच यायला लागला. खडाखट, खडाखट. म्हणजे सुट्टी संपली होती. माग चालू होते.

ती दारातून आत शिरली. कापसाची धूळ, घामाचा वास, आणि बारा मागांचा तो आवाज, ज्यात माणसाला स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. सहा नंबर अगदी मधोमध होता. सहा नंबर थांबलेला होता. त्याच्या डब्यावरचा लाल दिवा मिचमिचत होता, आणि गौरम्मा वाकून, उजवा हात कोपरापर्यंत आत घालून, दोरा शोधत होती.

अब्बा पलीकडच्या टोकाला पाठमोरे होते.

“गौरम्मा!” मेहनाज जिवाच्या आकांतानं ओरडली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. शेडमध्ये कुणी कुणाला हाक मारत नाही, शिट्टी घालतात. तीक्ष्ण शिट्टी तेवढी आवाज चिरून जाते. मेहनाजनं दोन बोटं तोंडात घातली आणि तशीच काढली. शिट्टी ऐकून गौरम्मा वळून बघेल. मान वळवेल, हात नाही काढणार. हात तसाच आत राहील.

लाल दिवा मिचमिचला. किती झाले? दोन? तीन?

दाराशेजारी भिंतीवर मेन स्विचचा दांडा होता. त्याला अण्णा आणि जॉबर सोडून कुणी शिवायचं नाही, असा तिथला कडक नियम. चालता माग मध्येच मेला की आडवा दोरा नेणारा लाकडी धोटा उभ्या दोऱ्यांच्या मध्ये अडकतो आणि शेकड्यानं दोरे तुटतात. मेहनाजनं दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळून तो खाली ओढला.

सगळं बंद. पंखेसुद्धा. इतकी शांतता झाली की कान दुखायला लागले.

“कुणी पाडला मेन?” गुरुबसप्पाअण्णा फोन कानाला तसाच धरून केबिनमधून धावत आले. “हुसेनसाब, तुमची पोरगी येडी झाली का काय? बारा धोटे अडकले की!”

“गौरम्मा, हात काढा,” मेहनाज म्हणाली. “आधी हात काढा. आधी हात काढा.”

गौरम्मानं सावकाश हात बाहेर काढला. “काय झालं गं यव्वा? भूत बघिटल्यागत का करतीस?”

मेहनाज सहा नंबरपाशी धावली. तिनं मागावर टांगलेला कागद ओढून काढला आणि अब्बांपुढं धरला. दोन ओळींच्या मधल्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं. “इथं ओळ आहे, अब्बा. पिवळी. झेरॉक्सला आलीच नाही.”

हुसेनसाबांनी कागद उन्हाच्या कवडशात धरला, तिरपा करून बघितला. काही दिसलं नाही. मग ते सहा नंबरपाशी गेले. सगळ्यांना हातानं मागं सारलं. गौरम्माचा हात जिथं होता, नेमक्या तिथं त्यांनी एक लाकडी कांडी आडवी अडकवली, बाकीचे अकरा माग बंद ठेवून फक्त सहा नंबरला लाइट दिली, आणि लांब उभे राहिले.

लाल दिवा मिचमिचायला लागला. कुणीतरी मोठ्यानं मोजत होतं. एक. दोन. तीन. चार.

पाचला माग धाडकन सुटला. कांडीचे दोन तुकडे झाले. एक फणीतच चिरडला, दुसरा भिंतीवर आपटून मेहनाजच्या पायाशी येऊन पडला.

गौरम्मानं उजवा हात पदराखाली घेतला आणि डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला. अण्णांनी फोन कानावरून खाली केला.

“मी सकाळी विचारलं होतं,” अब्बा म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. “तू म्हणालीस, छान दिसतं.”

“हो.”

“मी पण टाइप करताना परत नाही विचारलं. पोरगी हुशार आहे म्हटलं.”

मेहनाजला रडायचं होतं, पण तेवढ्यात तिला ग्रुपमधले फोटो आठवले आणि रडणंसुद्धा आतल्या आत गोठलं. “अब्बा, नऊ जणांनी कागद लावलाय. नऊ.”

अब्बांनी खिळ्यावरच्या शर्टातून फोन काढून तिला दिला. तिनं आधी ग्रुपवर मेसेज टाकला: माग बंद करा, हात घालू नका. एकानंही वाचला नाही. दुपारच्या पाळीत कोण मोबाइल बघतंय! मग तिनं एकेक नंबर लावायला सुरुवात केली. गौरम्मा तिच्याजवळ जमिनीवर येऊन बसली, हात अजून पदरातच.

पहिल्यानं डबाच बसवला नव्हता. दुसऱ्यानं लॅपटॉपवरून बघून हुकूम टाकले होते, त्याला ओळ दिसली होती. तिसऱ्याचा कागद मुलीनं रंगीत छापून आणला होता. पण रंगीतमध्येही ती ओळ इतकी फिकी आली होती, की त्यानं ती सोडून दिली होती. त्यानं नुकताच डब्यावर घेतलेला माग जागच्या जागी बंद केला आणि मेहनाजला अशी शिवी घातली की गौरम्मानं मान खाली घातली. मेहनाज म्हणाली, “हो काका, चुकलं,” आणि पुढचा नंबर लावला. असे एकेक करत आठ झाले.

नववा बिरदेवचा. शहराबाहेर चार मागांचा छोटा शेड, तो आणि त्याची बायको बसम्मा दोघंच चालवायचे. आज पहिल्यांदा डब्यावर माग घेतो, असं त्यानं सकाळीच ग्रुपवर टाकलं होतं. फोन वाजला, वाजला आणि बंद पडला.

“परत लाव,” गौरम्मा म्हणाली.

परत वाजला. शेवटच्या घंटीला उचलला. पलीकडं खडाखट, खडाखट.

“हॅलो? कोण? ऐकू येत न्हाय ओ! मागापाशी हाय!”

“माग बंद करा! सगळे बंद करा!”

“काय? दोरा? व्हय, आत्ताच तुटलाय, बायको बांधतीया! मागनं करा फोन!”

“मेन पाडा!” मेहनाज किंचाळली. “बिरदेवमामा, मेन पाडा! मेन! मेन!”

खडाखट, खडाखट. मग काहीच नाही. फोन चालू होता, सेकंद पुढं सरकत होते, आणि पलीकडं नुसती शांतता. अब्बांनी भिंतीला हात टेकला.

मग एका बाईचा वैतागलेला आवाज आला, आधी लांबून, मग जवळून. “कोण हाय ओ? का बंद केलं आमचं?”

“मावशी,” मेहनाज म्हणाली, “मावशी, तुमचे हात कुठं आहेत?”

“हात? दोनी माझ्यापाशीच हायत की! आन् कुटं असणार? तू कोण गं?”

“मी मेहनाज, हुसेनसाबांची,” ती म्हणाली. “तो कागद मी चुकीचा रंगवलाय. त्यात एक ओळ दिसत नाही. पेन घ्या मावशी, मी सांगते, तुम्ही लिहा. आणि लिहून झालं की मला वाचून दाखवा.”