ग्रहणाच्या दुपारी मेहरुन सिस्टर

मेहरुनने नळीचं रुंद तोंड श्यामलाच्या पोटावर टेकवलं, दुसऱ्या टोकाला कान लावला आणि हात वर करून सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. तशी गरज नव्हती. खोलीत कुणी बोलतच नव्हतं, आणि बाहेर अख्खी नारायण पेठ भर दुपारी निपचित पडली होती. रिक्षा नाही, सायकलची घंटा नाही, भांडं पडल्याचाही आवाज नाही.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीतला तो शनिवार होता. सूर्यग्रहण लागलं होतं. लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून टीव्हीवर मुद्दाम सिनेमा लावला होता. दुकानांच्या फळ्या लागल्या होत्या, खिडक्यांवर वर्तमानपत्रं चिकटवली होती. श्यामलाच्या खोलीत तर फटीफटीत चिंध्या कोंबलेल्या होत्या. सकाळपासून ती एका कुशीवर, अन्नपाण्याशिवाय पडून होती. हलायचं नाही, खाजवायचं नाही, सुईला हात लावायचा नाही. लोणी काळभोरहून बाळंतपणासाठी आलेली तिची सासू तुळजाबाई उशाशी राखण करत बसली होती. वर्षामागं श्यामलाचं पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्यामुळे तुळजाबाईच्या धाकात माया होती आणि मायेत भीती.

दुपारी कळा सुरू झाल्या. मग श्यामला हळूच म्हणाली, "बाळ सकाळपासून हललं नाही." तिचा नवरा संपत पेठेतल्याच एका छापखान्यात कामाला होता. तो आईशी एक शब्द न बोलता धावत प्रसूतिगृहात गेला आणि मेहरुनला घेऊन आला.

मेहरुन सिस्टर त्या प्रसूतिगृहात नोकरीला लागली तेव्हा तिच्या वेणीत अबोली असायची. आता केस पांढरे झाले होते. कसब्यातून कामावर चालत येताना पेठेतल्या बायका तिला वाटेत अडवून विचारायच्या. पाय सुजलेत, चालेल का? स्वप्नात साप येतो, काही अशुभ नाही ना? मेहरुन पिशवी खांद्यावर सारून शांतपणे ऐकून घ्यायची. ठाऊक असेल ते सांगायची आणि नसेल तर म्हणायची, "बघू या." काही जणी तिला पाठीमागे 'बघू या सिस्टर' म्हणत. धीर द्यायला म्हणूनसुद्धा ती खोटं बोलत नसे, ही त्यातली खरी तक्रार होती.

नळीतून ठोके ऐकू आले. लांबून, थकून यावेत तसे. कळ आली की ते मंदावत, आणि कळ ओसरल्यावरही सावरायला वेळ घेत. मेहरुनने कान काढला.

"जिवंत आहे. पण दमलंय. डॉक्टरीणबाई आहेत तिकडे. आत्ताच्या आत्ता न्यायला हवं."

तुळजाबाई दाराला पाठ लावून उभी राहिली. "नरसबाई, येडी का काय तू? गिराण लागलंय. गरवार बाईला उंबऱ्याभाईर काढती व्हय? सुटलं की ने की. कुठं पळून चाललीया ती!"

"सुटायला वेळ आहे, आई. तेवढा वेळ बाळाकडे नाही."

संपत एकदा आईकडे, एकदा मेहरुनकडे बघत राहिला. शेवटी श्यामलाच कोपरावर रेटून उठली. सकाळपासून पहिल्यांदा ती हलली होती.

"सिस्टर, मी बाहेर पडले तर बाळाला काही होईल?"

"ग्रहणानं नाही होणार. थांबलात तर होईल."

"आणि आले तर वाचेल?"

मेहरुनने तिचा घामेजलेला हात धरला. "ते मला सांगता येणार नाही."

नऊ महिने श्यामलाला सगळ्यांनी सगळं छातीठोक सांगितलं होतं. नारळपाण्यानं मूल गोरं होतं, पोट पुढं आलं म्हणजे मुलगाच, अमक्या देवाला बोललंय, काही होत नाही. तिने ते ऐकलं होतं आणि रात्र रात्र जागी राहिली होती. आता मात्र तिने पाय खाली सोडले.

"हातगाडी आणा छापखान्यातली," ती संपतला म्हणाली.

कागदाचे गठ्ठे वाहायच्या गाडीवर गोधडी अंथरली. श्यामला डाव्या कुशीवर निजली. संपत गाडी ओढू लागला, मेहरुन शेजारून चालू लागली. तुळजाबाई पायरीपर्यंत आली आणि तिथेच खाली बसली.

उजेड उन्हाचा नव्हता, संध्याकाळचाही नव्हता. न घासलेल्या पितळेवर दिसावा तसला काही तरी. सावल्या सुरीने कापल्यासारख्या धारदार पडल्या होत्या. मेहरुनला स्वतःच्या सावलीतले सुटलेले केस दिसत होते. कावळे घरट्यांकडे परतून आले होते आणि ओरडत नव्हते. एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध उभं होतं. गाडी जवळ आली तरी ते हललं नाही. त्यालाच वळसा घालावा लागला. बंद फळीमागून एक पुरुषी आवाज आला, "मुहूर्त बरा काढलात!" कुणाचा ते कळलं नाही. फळी उघडली नाही.

कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली संपत एकदम थांबला. त्याचे हात दांड्यावर तसेच राहिले.

"सिस्टर... खाली बघा."

रस्ताभर विळे पडले होते. उजेडाचे विळे. शेकडो, पानांच्या फटीफटीतून पडलेले, एकाच बाजूला वळलेले, सगळे सारखे. पानं हलली की ते सगळे एकदम हलत होते. भिंतीवर, गटाराच्या कडेवर, संपतच्या पावलांवर. श्यामलाच्या लुगड्यावरूनही ते सरकत होते. पोटाच्या उंचवट्यावर चढत होते आणि पलीकडे उतरत होते.

 इतक्या वर्षांत मेहरुनने काय पाहिलं नव्हतं? पण हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तोंडातल्या तोंडात तिने अल्लाचं नाव घेतलं.

"काय आहे हो हे?" श्यामलाने विचारलं. तिने हाताने पोटावरचा एक विळा झटकून पाहिला. तो तिच्या बोटांवर आला.

"मला नाही माहीत," मेहरुन म्हणाली.  "संपतराव, ओढा. थांबायचं नाही."

चाकांखालून विळे सरकत गेले. कसलाच आवाज झाला नाही, याचंच मेहरुनला जास्त भय वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी चिमटा लावून मूल काढलं. मुलगी होती. गळ्याभोवती नाळेचे वेढे होते. अजून थोडा उशीर आणि संपलं असतं. आधी ती रडली नाही. मग रडली. मेहरुनने तिला पुसायला घेतलं आणि तिचा हात थांबला. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता. नीट, सरळ. कापल्यासारखा.

डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या, "तिसऱ्या महिन्यातलं आहे हे. शिवता येतं."

मेहरुनला ते ठाऊक होतं. अशी मुलं तिने याआधी हातात घेतली होती. तरी त्या क्षणी पोटावर चढणारे उजेडाचे विळे तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. आपणच हिला त्यांच्याखालून आणलं. बाहेर उजेड परत आला होता. रस्त्यावर माणसांचे आवाज ऐकू येत होते. मेहरुन खिडकीपाशी मुलीला घेऊन उभी राहिली, मनातला तो विचार खाली बसेपर्यंत. मग श्यामलाकडे वळली.

"मुलगी आहे. चांगली रडतेय. तिचा ओठ वरून दुभंगलेला आहे. दाखवू?"

श्यामलाने बराच वेळ पाहिलं. "मी बाहेर पडले म्हणून?"

"नाही. ओठ जुळतो तिसऱ्या महिन्यात. हिचा तेव्हाच जुळायचा राहिला. तेव्हा ग्रहण कुठं होतं?"

"बघू या, असं नाही म्हणालात."

"हे मला माहीत आहे," मेहरुन म्हणाली.

दिवस मावळायच्या आत बातमी पेठभर झाली. नंतर मेहरुन कामावर जाताना वाटेत तिला कुणी अडवेना. दारात उभ्या असलेल्या गरोदर बाया ती दिसली की पोटावर पदर ओढून आत जायच्या. तुळजाबाईने दारातच ऐकवलं, "नरसबाई, तू भली असशील. पण माझ्या नातीचं त्वांड त्या दिवशी कापलंस तू."  मुलीला उभं धरून चमच्याने दूध कसं पाजायचं, ते मेहरुनने श्यामलाला जिन्यातच बसून शिकवलं. मूल ठसकायचं, नाकातून दूध यायचं, श्यामला रडायची आणि पुन्हा चमचा भरायची. तुळजाबाई आतून बघत असायची. एकदा ती स्वतःच दुधाची वाटी विसळून घेऊन आली आणि मेहरुनसमोर ठेवून गेली.

उन्हाळ्यात तपासणीच्या दिवशी श्यामला मुलीचं वजन करायला प्रसूतिगृहात आली. बाकावर दाटीवाटीने बसलेल्या बायका सरकल्या. जागा द्यायला नव्हे, लांब होण्यासाठी. श्यामला रिकाम्या झालेल्या जागेत ऐसपैस बसली. मुलीच्या तोंडावरचं फडकं काढून तिने मांडीवर घडी करून ठेवलं आणि चमच्याने दूध पाजू लागली. काही जणींनी माना वळवल्या.

मेहरुन आतल्या खोलीत हात धूत होती. दार अर्धवट उघडं होतं.

बाकाच्या टोकाची एक मुलगी सरकत सरकत जवळ आली. पाचवा-सहावा महिना असेल. तिने खालच्या आवाजात विचारलं, "मी त्या दिवशी खिडकीचा कागद फाडून पाहिलं होतं. तुमची गाडी जाताना. घरात कुणाला सांगितलं नाही. माझ्या बाळाला पण..." पुढचं तिला बोलवेना.

श्यामलाने मांडीवरच्या लेकीची हनुवटी पुसली. "मला काय माहीत, बाई? आत सिस्टर आहेत. ठाऊक असेल तर सांगतील. नसेल तर 'माहीत नाही' म्हणतील."

नळ चालूच होता. मेहरुनचे हात केव्हाच स्वच्छ झाले होते. मग नळ बंद करून तिने हात पदराला पुसले. दारात ती मुलगी येऊन उभी होती, आत यावं की नाही ते न कळून. तिच्या मागे बाकी बायका पोटावर पदर ओढून बसल्या होत्या आणि दुसरीकडे पाहत होत्या.

"या," मेहरुन म्हणाली, आणि बसायला स्टूल पुढे ओढलं.