मधली कडवी

डब्याचं झाकण वाजत होतं. पोळ्यांचा स्टीलचा डबा, आणि त्यात संदीपच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवलेली कॉम्प्युटरची हार्ड डिस्क — जीप खड्ड्यात गेली की झाकण किंचित उचलून पुन्हा बसायचं आणि डबा मांडीवर घट्ट धरून बसलेल्या प्रमिलाला वाटायचं, हा आवाज झाकणाचा नाही, आतला आहे… तोच, परवा संध्याकाळपासूनचा. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्, बंद दारावर कुणी नखानं वाजवावं तसा. डिस्कला वीज नाही तर ती वाजेल कशी, हे तिला कळत होतं. पण कळल्यानं हात सैल होत नव्हते.

टोकावड्याला आणखी चौघं आत आली आणि ती खिडकीकडं दाबली गेली. म्हशाच्या जत्रेला निघालेले दोघं बैलांच्या दातांबद्दल बोलत होते. बाहेर कापलेल्या भातखाचरांमध्ये वाल वीतभर वर आला होता. अंगणवाडीला आज तिनं रजा टाकली होती आणि रजेच्या दिवशी या वेळी रस्त्यावर असणंच तिला चुकल्यासारखं वाटत होतं.

सकाळी नवऱ्यानं, संदीपनं, डिस्क स्वतः काढून दिली होती. शहापूरला साइटवर जायची घाई, बूट घातलेलेच, एका गुडघ्यावर बसून स्क्रू काढता काढता तो म्हणाला होता, "मंगेशला सांग, आधी माझं साइटचं फोल्डर काढ. बंगल्याचे सगळे नकाशे त्यात आहेत, दुसरीकडं कुठं नायत. मग बाकीचं."

बाकीचं.

ती "बरं" म्हणाली होती. का नाही म्हणायचं? मुरबाड-शहापूरकडं मुंबईची माणसं फार्महाऊस बांधतात आणि संदीप त्यांचे नकाशे काढतो, घर त्यावर चालतं, यात न कळण्यासारखं काय आहे… तरी तो एक शब्द जिभेखाली खड्यासारखा राहिला होता. बाकीचं म्हणजे लग्नाचे फोटो, पोरीच्या बारशाचे फोटो, गॅसच्या पुस्तकाची झेरॉक्स. आणि आईची गाणी.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तिनं आईला त्या कॉम्प्युटरसमोर बसवलं होतं. सरस्वती धवलारीण — आसपासच्या गावांत कुणब्यांच्या घरी लग्न निघालं की भटजीच्या आधी तिला सांगावा जायचा. हळदीपासून नवरी दारात येईपर्यंत एकेका विधीचं गाणं तिच्या तोंडी. ती ओळ सोडायची आणि मागं बसलेल्या बाया ती ओढून धरायच्या. ती बाई खुर्चीत पाय वर घेऊन बसली, समोरच्या बोटभर माइककडं तिनं उंदराकडं बघावं तसं बघितलं आणि म्हणाली, "मांडव नाय, नवरी नाय. कुणासाठी गाऊ?" माझ्यासाठी गा, असं मी म्हणाले का तेव्हा? नाही. मी म्हणाले, "राहायला पायजेत आई, पुढं कुणाला येणार हाय हे?" अंगणवाडीच्या मीटिंगमध्ये बोलतात तसं काहीतरी. मग ती गायली. दुपारी जेवण झालं की रोज थोडी थोडी, चार-पाच दिवस.

पुढच्या आवणीत, भातलावणी चालू असताना, ती बांधावर पडली. उजवं अंग गेलं, आणि जीभ. डॉक्टर म्हणाले, अंगात थोडी ताकद येईल, बोलणं येईलच असं नाही. एकच शब्द मागं राहिला — ते. भूक लागली की ते, ऊन आलं की ते, रडू आलं तरी ते. प्रमिलानं तिला वैशाखऱ्याला आपल्याकडं आणलं आणि दोन वर्षांत त्या एका शब्दाचे पन्नास अर्थ ती शिकली — किंवा तिला वाटत होतं, शिकली.

गाणी मात्र तिनं एकदाही लावली नव्हती. आधी भीती वाटली, आईनं ऐकलं तर काय होईल म्हणून. मग भीती ओसरली आणि सवय राहिली. आत आहेत, एवढं पुरत होतं. भांडी घासताना कधी मनात यायचं, आहेत — आणि ती राख पुन्हा हाताला घ्यायची… परवा संदीपनं हाक मारली, पडदा निळा झालेला, आणि त्या पेटीतून ते टक् आलं, तेव्हा कोपऱ्यातल्या खाटेवर आईनं मान वळवली होती. आवाजाकडं. तिला कसं कळलं? की नुसतीच वळवली?

मुरबाडला स्टँडमागच्या गल्लीत मंगेशचं दुकान होतं. पुढं मोबाईलची कव्हरं टांगलेली, आत दोन कॉम्प्युटर आणि एक झेरॉक्स. मंगेश संदीपच्या ओळखीचा, तिशीचा, सतत काहीतरी चघळणारा. त्यानं डबा उघडला आणि हसला. "भाजी पण आणायची ना ताई." ती हसली नाही, तेव्हा त्यानं बनियन बाजूला केलं, डिस्क कानाशी धरून हलवली, एका केबलला जोडली आणि दोघंही ऐकू लागली.

टक्.

"हेड अडकतंय हिचं," तो म्हणाला. "दिसतेय अजून, हे नशीब. पण कवा जाईल सांगता येत नाय. चालतेय तवर चालतेय. पैला काय काढू?"

पडद्यावर नावं आली होती. साइट. साइट नवीन. घर. फोटो. आई. तिनंच कधीतरी दिलेली नावं, पण आता ती वेगळीच दिसत होती, दवाखान्याबाहेर पुकारा व्हायची वाट बघत बसलेल्या माणसांसारखी. साइट म्हण, तिनं स्वतःला सांगितलं. तो दिवसभर उन्हात उभा आहे. नकाशे गेले तर ती माणसं दुसरा बघतील, आणि गाणी काय, गाणी गेल्यानं चूल थांबत नाही… सगळं बरोबर होतं, एकेक विचार संदीपच्या रेघांसारखा सरळ होता, आणि त्या सरळ रेघेच्या टोकाशी तिचं तोंड उघडलं.

"आई," ती म्हणाली.

मंगेशनं तो फोल्डर उघडला. आपण नाव सांगितलं की नुसतंच तोंडून निघालं, हे तिला ठरवता येईना. तोवर हिरवी पट्टी सरकू लागली होती आणि आता थांब म्हणायला हवं होतं. ती थांब म्हणाली नाही.

पट्टी सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. झेरॉक्सला आलेला एक म्हातारा आधार कार्ड हातात धरून उभा होता. काही फाइली पेन ड्राइव्हवर उतरल्या तेव्हा मंगेश म्हणाला, "एक लावून बघू? कधी कधी फाइल येते पण आत काय नसतं." तिनं मान हलवली — नको म्हणून की हो म्हणून, त्यालाही कळलं नसावं. त्यानं लावली.

आधी नुसती खरखर. मग कपबशीचा आवाज, आणि कुणीतरी लांबून म्हणालं, "चहा टाकते गो, बंद नको करूस, चालू राहूदे." हा माझा आवाज. एवढा बारीक होता माझा आवाज? चपलांचा आवाज लांब गेला. आणि मग शेजारची बाईजाकाकी, अगदी माइकला तोंड लावल्यासारखी:

"सगळा गातंस काय गो त्यात? उंबराचा गाना तर केवढा मोठा. माझ्या सुनेच्या टायमाला अर्धा दिवस गेला."

आणि आई. भरलेला, खालून येणारा, तंबाखूची मशेरी लावलेला आवाज. तो दुकानात इतका सहज आला की म्हातारा बाजूला सरला, बाईला जागा द्यावी तसा.

"नाय गो. मदली कडवी नाय देत मी. देवांना बोलवायची ती, मांडव असला तर. मशीनला काय हळद लागलीय?"

"तिला कळलं तर?"

"तिला काय कळतंय."

दोघी हसल्या. चपला परत जवळ आल्या. आईनं घसा साफ केला आणि ती गाऊ लागली — साळसूद, सरळ, एका कडव्यावरून दुसऱ्यावर, कुठं फट नाही की काही नाही.

"चांगलं आलंय," मंगेश म्हणाला आणि त्यानं ते बंद केलं.

त्याच वेळी पट्टी थांबली ती थांबलीच. टक्, टक्, टक्, आता मधे दम न घेता. त्यानं घाईनं केबल ओढली. "तापलीय. राहूदे हितंच. उद्या थंड झाल्यावर बघतो. नायतर मुंबईला लॅबला द्यावी लागंल, ते पण गॅरंटी नाय देत." केबल गुंडाळता गुंडाळता त्यानं विचारलं, "संदीपभाऊंचं काय होतं त्यात?"

"होतं," ती म्हणाली.

परतीची जीप अर्धी रिकामी होती. सरळगावच्या पुढं फोन वाजला. मागं सिमेंट कालवायच्या यंत्राची घरघर, आणि संदीप जरा ओरडूनच बोलत होता.

"झालं माझं?"

"नाय. आईची गाणी आधी घेतली. ती अर्धी आली, तेवढ्यात बंद पडली."

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं तुमी."

"मग?"

तिला खरंच उत्तर द्यायचं होतं. "घरी आल्यावर बोलू," तो म्हणाला आणि फोन बंद झाला. आज रात्री तो जेवताना बोलणार नाही, हे तिला माहीत होतं; कदाचित उद्याही. जेवढी भीती वाटायला हवी तेवढी वाटत नव्हती. भीतीच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं.

तिला काय कळतंय.

लहानपणापासून ती आईच्या मागं बसत आली. कितीतरी मांडवांत ओळी ओढून धरल्या, झोपेत, भुकेत, दुसऱ्याच विचारात. आणि त्या दिवाळीत चहाचा कप हातात घेऊन शेजारी उभी राहून तिनं ते गाणं ऐकलं, मान डोलवली, छान झालं म्हणाली — आणि कळलं नाही. तिनं आता मनातल्या मनात उंबराचं गाणं सुरू केलं. फांदी आणायला निघालेले मामा, वाटेतली नदी, उंबराला घातलेलं पाणी… मग मांडवात रोवलेली फांदी. यात मधलं कुठं असायचं? नदीच्या आधी की नंतर? ती पुन्हा पहिल्यापासून आली. पुन्हा सरळ शेवटापर्यंत गेली, गिलावा केलेल्या भिंतीवरून हात फिरवावा तशी. आईनं गाळलेलं तिच्या डोक्यातूनही गळून गेलं होतं, की ते कधी आत शिरलंच नव्हतं?

आणि ज्यासाठी नवऱ्याचा शब्द मोडला, ते हे. मुद्दाम उणं ठेवलेलं. मला बसवून, माझ्याकडून चहा करून घेऊन… माझ्या पाठीमागं हसून. छातीत काहीतरी चढत गेलं. मुरबाडला जाताना जी धडधड होती ती नव्हे. ती पसरट होती, कुठंही टेकत नव्हती. हिला टोक होतं.

घरी आई खाटेवर भिंतीला टेकून बसली होती आणि बाईजाकाकी खाली वाल निवडत होती. दिवसभर तीच आईपाशी होती.

"झाला काम?"

"अर्धं."

"जाते मंग मी." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. उंबऱ्याशी पोचली तेव्हा प्रमिलानं विचारलं, "काकी, उंबराच्या गाण्यात मधी कुठली कडवी हायेत गो? देवांना बोलवायची?"

बाईजाकाकी थांबली. तिनं प्रमिलाकडं पाहिलं नाही, खाटेकडं पाहिलं.

"मला काय इचारतंस," ती म्हणाली. "मी मागं ओढणारी. तिलाच इचार." आणि गेली.

प्रमिलानं भात वाढून आणला, वर वालाची आमटी. रोज ती तो नीट कुस्करायची, चमचा भरायची, आईच्या डाव्या गालाकडून तोंडात द्यायची आणि तोंडानं काहीतरी गोड बोलत राहायची, अंगणवाडीतल्या पोरांशी बोलतात तसं. आज ती खाटेच्या कडेला बसली आणि ताट तिनं मांडीवरच ठेवलं.

"मधली कडवी गाळलीस तू," ती म्हणाली.

आईची नजर ताटावर होती. ती वर आली.

"मशीनला नाय दिलीस, समजलं. मला पण नाय?"

आईच्या तोंडाची डावी कड हलली. दोन वर्षांत तिचं हसणं आणि रडणं एकाच कडेला सुरू व्हायचं, आणि पुढं काय होणार हे थोडा वेळ कुणालाच कळायचं नाही. आताही कड हलली आणि तिथंच थांबली.

"ते," आई म्हणाली.

एरवी प्रमिला लगेच उठली असती. पाणी देऊ? पाय दुखतो? दार लावू? एका शब्दासाठी तिच्याकडं अशी उत्तरांची चळत तयार असायची, एक नाही तर दुसरं, आई मान हलवेपर्यंत.

"ते काय?" ती म्हणाली. "नीट सांग."

आवाज कडक आला. तो ऐकून ती स्वतःच दचकली. या खोलीत असा आवाज कुणी काढलाच नव्हता. आजारी माणसाशी असं बोलत नाहीत. माफी मागावी, गालावरून हात फिरवावा… हात उचललाही गेला, आणि तिनं तो परत घेतला. आई तिच्याकडं बघत होती, डोळे बारीक करून, पूर्वी मांडवात ओळ चुकलेल्या बाईकडं बघायची तशी — की हा नुसता दारातून आलेल्या उन्हाचा भास?

प्रमिलानं ताट आईच्या डाव्या हाताजवळ सरकवलं. आईनं ताटाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. मग डावा हात हळूहळू पुढं आला, चमचा सापडायला वेळ लागला, भात तोंडापर्यंत जाता जाता अर्धा लुगड्यावर सांडला. प्रमिलानं तो पुसला नाही. ती दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिली, कानशिलं तापलेली, आईवर चिडलेली — जिवंत, पुऱ्या माणसावर चिडावं तशी — आणि हा राग इतक्यात निवू नये, निदान ताट संपेपर्यंत तरी, असं तिला वाटत राहिलं.