कोंबड्याचं निर्मळ रक्त

आखाडातल्या त्या रविवारी लालबागच्या आमच्या चाळीतल्या तालमीत मुंगी शिरायला जागा नव्हती. खिडक्यांना गोणपाट लावून अंधार केलेला. समोर पांढरी चादर, तिच्यापुढे पत्र्याची काळी पेटी, आणि पेटीमागे शामराव.

"मायबहिणींनो! मुंबई महाराष्ट्राला मिळेल तेव्हा मिळेल, आरोग्य आत्ता घ्या! बोटातला एक थेंब द्या. यंत्र स्वतः तुमचे रक्तकण निरोगी चित्राशी ताडून पाहील. जुळले की घंटा! कॅन्सर असला तर घंटा मुकी!"

म्हणे जर्मन यंत्र! जर्मनांनी ते बहुधा भायखळ्याच्या एखाद्या पत्रेवाल्याकडून ठोकून घेतलं असावं.

पण बाया येणारच. छातीतली गाठ परक्या पुरुषाला दाखवायची म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. इथे पदरही ढळत नव्हता. माझ्या शेजारच्या बकुळावहिनींना शिमग्यातच दवाखान्यातल्या नर्सने बजावलं होतं, मोठ्या इस्पितळात जा, गाठीचा तुकडा तपासून घ्या. त्याच आठवड्यात शामरावची घंटा वाजली. मग कोण जातंय इस्पितळात?

आज त्यांचा नवरा सीताराम यंत्राचा नवस फेडायला कोंबडा घेऊन आला होता. तालमीच्या दारात कोंबडा कापला, त्याचे पाय मी धरले होते. बोट लाल झालं, तसाच जाऊन रांगेत उभा राहिलो.

"शाळामास्तरसुद्धा आले!" शामराव हरखला.

"घरूनच टोचून आलोय," म्हणत मी बोट काचेवर टेकवलं. चादरीवर गोल ठिपक्यांची दोन चित्रं सरकत एकमेकांवर बसली. घंटा वाजली.

"निर्मळ! मास्तर शंभरी गाठणार!"

"मी नव्हे हो, कोंबडा! पण तो बिचारा मघाशीच गेला. रक्त त्याचंच आहे."

हशा फुटला. "कोंबड्याचे रक्तकण लांबट असतात," मी सांगितलं, "आणि प्रत्येकात मध्ये एक ठिपका. इथे माणसाचे गोल कसे दिसले?"

"यंत्र विटाळलं! हात लावू नका!" शामराव ओरडला, तोवर मी झाकण उचकटलं होतं. आत एक दिवा आणि रंगवलेल्या दोन सारख्या काचा. घंटेचा दोरा थेट शामरावच्या पायाच्या अंगठ्याला. रक्ताची काच बाहेरच. दिव्यासमोर ती कधी जातच नव्हती.

सीतारामने त्याची गचांडी धरली. बकुळावहिनी मात्र हसल्या नव्हत्या.

"मगे माझी घंटा?"

"तीही त्याच दोऱ्याची, वहिनी."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना इस्पितळात नेलं. तिथे तपासायला डॉक्टरीणबाई होत्या; आहेत का, हे आम्हाला कुणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं! त्यांनी गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. नंतर सीतारामला बाजूला घेऊन म्हणाल्या, "फार पसरलाय. शिमग्यात का नाही आणलंत?"

वहिनी मला म्हणाल्या, "त्येनं माझी लाज राखली, मास्तरानू. म्हणान इश्वास ठेवलंय."

शामरावचा संताप आलाच. त्याहून जास्त आला आमचा स्वतःचाच. दुखणं दाखवण्यात लाज असते, हे त्यांना शिकवलं कुणी?

बायांनो, उद्या पेशी ताडून पाहणारं खरं यंत्र निघेलही. पण त्यालाही गाठीतलाच तुकडा द्यावा लागेल. बोटातल्या थेंबाने छातीतली गाठ कळत नाही. लपवू नका, आजच दाखवा. ती घंटा वाजली, तेव्हा बकुळावहिनींच्या हातात अजून वेळ होता.