कच्चं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. माझ्या तीन बाजूंच्या काचा मूळच्या. समोरची मात्र नंतर बसवलेली. पहिली कशी फुटली, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

बेगम बाजारातून हर्षवर्धनने मला कुकटपल्लीच्या आपल्या घरी आणले. घरात त्याची आई सावित्रीबाई आणि बायको निशिगंधा. माझी देखभाल निशिगंधाकडे आली. तिने वाळू धुऊन घातली, पाणी भरले, फिल्टर चालू केला आणि चिमूटभर माशांचे खाद्य टाकले.

"मासे नाहीत अन् खाद्य कशाला गं?" सावित्रीबाईंनी विचारले.

"ते कुजून त्याचं विष होतंय, आई. मग फिल्टरच्या स्पंजात बारीक जंतू वाढतात, ते विष खातात. तोवर पाणी कच्चंच."

ती रोज माझे पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकी. गडद हिरवा रंग आला की "अजून नाही" म्हणे. तिची ती बोटे मला फार आवडत.

हर्षवर्धनला धीर नव्हता. रविवारी दुपारी त्याचे साहेब जेवायला यायचे होते. आदल्या संध्याकाळी तो पिशवीभर गोल्डफिश घेऊन आला.

"नक्को हो, थोडे दिवस थांबा. मरतील ते."

"लोगां येऊन नुसतं पाणी बघतील का?" त्याने तिचा हात पिरगाळला, तिला बाजूला ढकलले आणि मासे माझ्यात ओतले.

मित्रांनो, माझ्या पाण्याने ते मासे जाळले. त्यांचे कल्ले लालभडक झाले. पृष्ठभागावर तोंडे उघडून ते हवा ओढत राहिले, माझ्या काचेवर डोकी आपटत राहिले. त्यांना पोटाशी धरूनही मीच मारत होते. पाहुणे जेवायला बसले, तेव्हा मासे उलटे तरंगत होते. साहेब हसले.

पाहुणे लिफ्टमध्ये शिरताच हर्षवर्धनने दार लावले.

"तूच कायतरी टाकलीस त्यात."

त्याने निशिगंधाला केसांना धरून तिचे कपाळ माझ्यावर आपटले. तेव्हा मी टिकले. मग त्याने पितळी खलबत्ता उचलून फेकला. ती वाकली, मी फुटले. पाणी, मेलेले मासे आणि काचा तिच्या अंगावर कोसळल्या. माझ्याच तुकड्याने तिचा दंड चिरला.

एरवी अशा वेळी सावित्रीबाई स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडत, म्हणजे काही ऐकू येत नसे. आज त्या काचांवरून अनवाणी चालत आल्या आणि दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. त्याने त्यांनाही भिंतीवर ढकलले. त्या उठल्या आणि त्यांनी दार सताड उघडले. बाहेर शेजारी उभे होते. आवाज त्यांनी याआधीही ऐकले होते.

"मला तुझ्या बापाला सोडता आलं नाही," त्या मुलाला म्हणाल्या. "तुला सोडते."

दोघी आधी दवाखान्यात गेल्या, मग पोलिसांत, मग मलकपेठला निशिगंधाचा भाऊ दिलीप याच्या घरी. सामान न्यायला तो आला, तेव्हा त्याने मलाही उचलले. सावित्रीबाईंनीच तसे सांगितले होते.

नवी काच बसली. पुन्हा कच्चे पाणी, पुन्हा थेंब. निशिगंधाचा दंड बरा होईपर्यंत सावित्रीबाईच नळी धरत. विष पुरते उतरल्यावरच मासे आले. ते आजही माझ्यात पोहतात.

मित्रांनो, मासे आणायच्या आधी पाण्याला वेळ द्या. आणि शेजारच्या घरात काच फुटल्याचा आवाज आला, तर नुसते ऐकत उभे राहू नका. दार ठोठावा.